ओंडक्याखालचा समुद्र

किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे मासळीने भरलेलं पाणी वाटतं. आपल्या ओळखीचा समुद्र खाडीमुखाचा असतो. नद्यांनी आणलेल्या गाळाने गढूळलेला तो समुद्र अन्नाने समृद्ध असतो. किनाऱ्यापासून शेकडो मैल आत गेलं की हे चित्र बदलतं. तिथलं पाणी गडद निळं आणि आरपार स्वच्छ, कारण त्यात सूक्ष्म जीव फार थोडे. त्या निळ्या पाण्यात मैलोन् मैल काहीच नसतं. तळ हजारो मीटर खाली, आडोसा कुठेच नाही. अशा जागी एखादा ओंडका तरंगत येतो. कुठल्या तरी नदीच्या पुरात मुळांसकट उपटलेलं झाड, तुटलेली फळी, मेलेला देवमासा, वादळात सुटलेली होडी किंवा कापून टाकलेल्या जाळ्याचा गुंता. काही दिवसांत त्याच्याखाली मासळी जमू लागते, आणि ती आहे हे ज्याला कळतं तो मच्छीमार तिथे येऊन पोहोचतो.

पुढची प्रकरणं या ओंडक्याबद्दल आणि त्याच्या शोधात निघालेल्या माणसांबद्दल आहेत. मराठीत मासेमारीवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक रापण, डोल, खाडी आणि होडी यांच्याभोवतीचं आहे, आणि ते योग्यच आहे, कारण आपलं जगणं तिथलं. पण आज बाजारात येणारा कुपा, म्हणजेच डब्यात बंद होऊन जगभर विकला जाणारा ट्यूना, हिंदी महासागरातले हक्कांचे तंटे आणि आपल्याच किनाऱ्यावर माकुलासाठी, म्हणजे कटलफिशसाठी, चाललेली भांडणं, या सगळ्याची एक वाट या तरंगत्या वस्तूपाशी येते. ती नीट समजून घेतल्याशिवाय या भांडणांत कुणाची बाजू खरी हे सांगता येत नाही.

आधी ओंडक्यापाशी जाऊ. नुकतंच समुद्रात पडलेलं लाकूड मासे धरत नाही. जुने लोक फळी उलटून खालची बाजू बघतात. तिथे बार्नॅकल लागलेले असले, रबरी मानेवर पांढरी कवचं घेऊन लोंबणारे, तर फळी मुरलेली आहे असं समजायचं. या मानांच्या दाटीत नखाएवढे खेकडे राहतात. याच जातीचे खेकडे समुद्री कासवाच्या शेपटीजवळच्या खाचेतही सापडतात, कारण त्यांच्या दृष्टीने कासव हासुद्धा एक तरंगता आडोसाच. लाकडाला अगदी चिकटून बोटभर लांबीची पिल्लं असतात. त्यांतलं एक, इंग्रजीत ज्याला ट्रिपलटेल म्हणतात त्याचं पिल्लू, अंग एका कुशीवर कलतं करून पाण्यावर असं पडून राहतं की खारफुटीचं पिवळं पडलेलं पान वाहत चाललंय असं वाटावं. जरा बाहेर चपट्या अंगाचे ट्रिगरफिश लाकूड कुरतडत फिरतात. त्यांच्या पलीकडे माही-माही. कपाळ उंच, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसलग पंख, अंगावर निळा, हिरवा आणि सोनेरी रंग एकाच वेळी. गळाला लागल्यावर तो रंग क्षणाक्षणाला पालटतो आणि होडीत आल्यावर काही मिनिटांत राखाडी होऊन विझतो. त्याहून खोल कुप्याचे थवे, आणि सगळ्यांच्या भोवती, दिसेल न दिसेल अशा अंतरावर, मुशी. एका ओंडक्याखाली कित्येक टन मासळी उभी राहू शकते.

का जमतात? यावर अजून एकमत झालेलं नाही. लहान पिल्लांचं कारण उघड आहे, त्यांना लपायला जागा हवी. मोठ्या कुप्याला लपायची गरज नाही, आणि ओंडक्याखाली पकडलेल्या कुप्यांची पोटं पुष्कळदा रिकामी निघतात, म्हणजे ते जेवायलाही तिथे येत नाहीत. एक म्हणणं असं की ओंडके मुळात नद्यांतून येतात आणि प्रवाह जिथे एकमेकांना भेटतात तिथे साठतात. ते पाणी अन्नाने भरलेलं असतं, म्हणून ओंडका ही चांगल्या पाण्याची खूण, आणि लाखो वर्षांत माशांना ती खूण ओळखता येऊ लागली. दुसरं म्हणणं मला जास्त भावतं. पांगलेल्या माशांना पुन्हा थवा करायचा असतो, आणि त्यासाठी काहीतरी ठरलेली जागा लागते. जत्रेत चुकामूक झाली तर दीपमाळेपाशी येऊन थांबायचं, असं आपण घरच्यांना सांगून ठेवतो, तसंच. माशांच्या अंगात ध्वनियंत्रं बसवून केलेल्या अभ्यासांत पिवळ्या परांचा कुपा जवळपास दहा किलोमीटरवरून अशा वस्तूकडे वळतो असं दिसलं आहे. तिथे काही दिवस राहतो आणि निघून जातो.

पहिलं म्हणणं खरं असेल तर एक भीती उभी राहते, आणि ती या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल. माणसाने जिथे नद्यांचे ओंडके कधी पोहोचत नव्हते अशा पाण्यात हजारो खोटे ओंडके सोडले, तर मासे त्या खुणेवर विश्वास ठेवून अन्न नसलेल्या पाण्यात वाहत जातील. २००० साली काही संशोधकांनी ही शंका मांडली. २००८ मध्ये अटलांटिक आणि हिंदी महासागरातल्या कुप्यांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात तरंगत्या वस्तूंखालचे मासे मोकळ्या थव्यांतल्या माशांपेक्षा हडकुळे आढळले. त्यावर वाद झाले, अजून चालू आहेत. वाद मिटलेला नाही म्हणून भीती खोटी ठरत नाही.

तरंगत्या वस्तूखाली मासे जमतात हे माणसाचं ज्ञान फार जुनं आहे. दुसऱ्या शतकात ओप्पियन नावाच्या ग्रीक कवीने मासेमारीवर एक दीर्घ काव्य लिहिलं. त्यात वेताच्या जुड्या बांधून, खाली जड दगड लावून समुद्रात सोडण्याची आणि त्यांच्या सावलीत जमणारा माही-माही गळाने काढण्याची रीत सांगितलेली आहे. अठराशे वर्षांनंतर माल्टा बेटावर ती जवळपास तशीच चालू आहे. तिथे या माशाला लाम्पुकी म्हणतात आणि त्या तरंगत्या जुड्यांना कन्निझ्झाती. ताडाच्या झावळ्या आणि बोये एकत्र बांधायचे, दोराच्या टोकाला चुनखडीच्या दगडाची चीप लावायची आणि किनाऱ्यापासून आत, एका सरळ रेषेत, एकामागून एक टाकत जायचं. ऑगस्टच्या मध्याला हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरअखेर संपतो. बेटाभोवतीच्या पाण्यातल्या या रेषा मच्छीमारांत दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. कुणाच्या वाट्याला कुठली रेषा येईल हे नशीब, पण एकदा आली की त्या वर्षापुरती ती त्याची. सकाळी तो आपल्या रेषेवरून एकेक जुडी बघत जातो, खाली मासे दिसले तर जाळं टाकतो, आणि सुटलेली, फाटलेली जुडी पुन्हा बांधतो. घरोघरी त्या दिवसांत पिठाच्या पारीत लाम्पुकी भरून भाजली जाते.

माल्टाची पद्धत आदर्श आहे असं मी म्हणत नाही. दगड तळाशीच राहतो, आताच्या दोऱ्या प्लास्टिकच्या आहेत, आणि अशा हजारो दोऱ्या समुद्राच्या तळावर साठत गेल्या आहेत हे तिथलेच अभ्यासक सांगतात. तरी त्या पद्धतीत तीन गोष्टी आहेत ज्या पुढे हरवल्या. वस्तू बांधलेली आहे. ती कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि हंगामाला शेवट आहे. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकं याच माशासाठी बांबूचे भारे नांगरून ठेवले जात आले, फिलिपिन्समध्ये पायाओ नावाचे बांबूचे तराफे, इंडोनेशियात रुम्पोन. जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या मच्छीमारांनी हीच युक्ती वापरली, आणि या सगळ्या ठिकाणी दोरी तळाशी बांधली.

ओंडक्याखाली काय घडतं हे सर्वांत जवळून पाहिलं ते मात्र स्वतःच ओंडका झालेल्या माणसांनी. १९४७ मध्ये थोर हेयरडाल आणि त्याचे पाच साथीदार बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूतून निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातल्या रारोइया बेटाच्या प्रवाळावर आदळले. त्या कोन-टिकी तराफ्याची कहाणी लोक प्राचीन स्थलांतराच्या वादासाठी वाचतात. मासेमारी कळणाऱ्याने ती वेगळ्या नजरेने वाचावी. तराफ्याला यंत्र नव्हतं, आवाज नव्हता, वेग प्रवाहाचा. त्यामुळे समुद्राने त्याला जहाज मानलंच नाही. लाकडांवर शेवाळ आणि बार्नॅकल धरले, खाली वाटाड्या माशांनी मुक्काम ठोकला, माही-माही रोज सोबत राहिले, आणि सहा माणसांच्या जेवणाची सोय तराफ्याखालीच झाली.

१९८२ मध्ये स्टीव्हन कॅलाहन या अमेरिकन खलाशाची छोटी शिडाची नाव कॅनरी बेटांच्या पश्चिमेला बुडाली आणि तो रबरी जीवरक्षक तराफ्यावर ७६ दिवस अटलांटिकमध्ये वाहत राहिला. थोड्याच दिवसांत तराफ्याखाली ट्रिगरफिश आणि माही-माही जमले. त्यांनाच भाल्याने मारून तो जगला. ते मासे तळातून तराफ्याला धडका देत, आणि त्यांतल्या कित्येकांना तो एकेकटे ओळखू लागला होता. त्याची सुटकासुद्धा ओंडक्याच्याच नियमाने झाली. ग्वादेलूपजवळच्या मारी-गलांत बेटाच्या मच्छीमारांना दूरवर पक्षी घिरट्या घालताना दिसले. पक्षी म्हणजे खाली मासे, म्हणून त्यांनी होडी तिकडे वळवली. मासे होतेच. त्यांच्यावर तरंगत एक माणूसही होता.

गळाने मासे धरणाऱ्यांसाठी हा नियम आजही तसाच चालतो. फ्लोरिडापासून उत्तरेला, गल्फ स्ट्रीमच्या कडेने, सारगॅसम शेवाळाच्या पिवळसर रांगा वाऱ्याने ओढल्या जाऊन मैलभर लांब होतात. तिथे जाणारे लोक आधी आकाश बघतात. फ्रिगेट पक्षी उंच, एकाच जागी घुटमळत असला तर त्याखाली माही-माही उडत्या माशांना हाकत असतो. मग दुर्बिणीने पाण्यावरची वस्तू शोधायची. ती मोठीच हवी असं नाही. बादलीच्या झाकणाखालीसुद्धा चांगला थवा सापडू शकतो, आणि कालच पडलेल्या भल्यामोठ्या खोक्याखाली काहीच नसतं. होडी थेट वस्तूवर न्यायची नाही. वाऱ्याच्या बाजूला थांबून, यंत्र मंद किंवा बंद करून, आमिष वस्तूच्या पलीकडे टाकायचं आणि हळूहळू तिच्याजवळून ओढत आणायचं. पहिला माही-माही लागला की तो घाईने आत घ्यायचा नाही. गळावरचा मासा पाण्यात ठेवला तर थवा त्याच्याभोवती राहतो, आणि तो वर काढला की पुष्कळदा सगळेच नाहीसे होतात. वर लहान मासे दिसत असले तरी एक दोरी खोल सोडून बघायची, कारण मोठा कुपा किंवा वाहू नावाचा मासा खाली उभा असतो. आपल्याकडे सकला म्हणून ओळखला जाणारा मासाही असाच, बोया, खांब, जहाज, प्रचंड पाकट, जे तरंगतं किंवा उभं आहे त्याच्या सावलीत राहणारा.

हवाईत सरकारनेच १९८० पासून बेटांभोवती असे बोये नांगरून ठेवले आहेत. त्यांच्या जागा सर्वांना जाहीर असतात, छोट्या होडीवाल्याचा डिझेलचा खर्च त्यामुळे कमी होतो. मालदीवनेही १९८० च्या दशकापासून असेच बोये टाकले. तिथले मच्छीमार एकेक काठी, एकेक गळ या पद्धतीने कुपा काढतात. मिनिकॉयपासून लक्षद्वीपच्या इतर बेटांतही हीच काठीची रीत आहे. गळ एका वेळी एक मासा काढतो, आणि नको तो मासा जिवंत सोडता येतो. माही-माहीसाठी ही मासेमारी फारशी जड जात नाही, कारण तो मासा काही महिन्यांत प्रजननक्षम होतो आणि त्याचं आयुष्यच फार तर चार-पाच वर्षांचं. ओंडक्याखाली त्याच्यासोबत उभ्या असलेल्या मुशीचं तसं नाही. तिला वयात यायला वर्षं लागतात आणि पिल्लं थोडी होतात. एकाच छताखाली राहणाऱ्या या दोघांना एकाच जाळ्यात गुंडाळलं की काय होतं, ते हिंदी महासागराने पाहिलं.

या प्रकरणावर मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत आणि त्याबद्दल मला संकोच नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्स आणि स्पेनची मोठी पर्ससीन जहाजं पश्चिम हिंदी महासागरात आली. सेशेल्सचं व्हिक्टोरिया हे त्यांचं मुख्य बंदर झालं. सुरुवातीला ती मोझांबिकच्या सामुद्रधुनीकडून वाहत येणारे नैसर्गिक ओंडके शोधत. ओंडका सापडला की त्यावर रेडिओ बसवायचा, म्हणजे दुसऱ्याला सापडण्याआधी आपण परत येऊ. मग नैसर्गिक ओंडके पुरेनासे झाले, म्हणून बांबूचे तराफे बनवून सोडायला सुरुवात झाली. वर काळ्या जाळ्याने झाकलेली चौकट, खाली पन्नास मीटर आणि त्याहूनही खोल लोंबणारी जुन्या जाळ्यांची शेपटी. रेडिओच्या जागी जीपीएस आलं, त्यानंतर प्रतिध्वनीयंत्र असलेला सौरऊर्जेवरचा बोया. आता तराफ्याखाली साधारण किती मासळी जमली आहे हे हजार किलोमीटरवरच्या जहाजाच्या कप्तानाला पडद्यावर दिसतं. शोधण्याची गरजच उरली नाही. जहाज रात्री तिथे पोहोचतं, पहाटे, मासे तराफ्याला सर्वांत चिकटून असतात तेव्हा, दीड-दोन किलोमीटर लांबीचं जाळं भोवती फिरवतं आणि तळ आवळून घेतं.

जाळ्यात येतो तो बहुतांश स्किपजॅक, म्हणजे डब्यात जाणारा लहान कुपा. त्याच्यासोबत पिवळ्या परांच्या आणि मोठ्या डोळ्यांच्या कुप्यांची पिल्लं, जी अजून एकदाही अंडी घालू शकलेली नसतात. मोकळ्या थव्यावर जाळं टाकलं तर पिल्लांचं प्रमाण कमी असतं, कारण मोठे मासे त्यांच्या वयाच्या माशांसोबत फिरतात. तराफा वयाचा भेद करत नाही. २०१५ मध्ये हिंदी महासागरातला पिवळ्या परांचा कुपा अतिमासेमारीखाली असल्याचं जाहीर झालं. २०२४ च्या नव्या मूल्यमापनात चित्र बरंच सुधारलेलं दिसलं. पण मधल्या वर्षांत मालदीवच्या काठीवाल्यांना आणि इतर किनारी देशांच्या मच्छीमारांना जी झळ सोसावी लागली ती आकड्यांत उमटत नाही.

मुशीचा आकडा मात्र लिहिलाच पाहिजे. तराफ्याखालच्या जाळ्याच्या शेपटीत सिल्की शार्क अडकून मरतात. मेलेलं शरीर एक-दोन दिवसांत सुटून खाली जातं, म्हणून जहाजावरच्या कुणालाही ते दिसत नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी शार्कांना उपग्रह टॅग लावून आणि तराफ्यांखाली स्वतः बुड्या मारून हिशेब मांडला. एकट्या हिंदी महासागरात वर्षाला ४,८०,००० ते ९,६०,००० सिल्की शार्क, जहाजाच्या कुठल्याही नोंदीत न येता. हा आकडा आल्यावर जाळी नसलेले तराफे वापरण्याचा नियम झाला. एक तपशील, जो दशकानुदशकं पाण्याखाली होता, कुणीतरी पाण्यात उतरून पाहिला म्हणून नियम बदलला. संशोधनाचा याहून थेट उपयोग मला या विषयात दुसरा दिसत नाही.

एका अंदाजानुसार २०१३ साली जगभरात ८१,००० ते १,२१,००० तराफे समुद्रात सोडले गेले. त्यांतले पुष्कळ पुन्हा उचलले जात नाहीत. प्रवाहाने तराफा मासेमारीच्या क्षेत्राबाहेर गेला की त्याचा संदेश बंद केला जातो, आणि कागदावर तो संपतो. पाण्यावर तो तसाच असतो. सेशेल्सच्या प्रवाळांवर, अल्दाब्रासारख्या जागतिक वारसा असलेल्या, जवळपास निर्मनुष्य बेटावर तो जाऊन आदळतो. २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी अल्दाब्रावरून २५ टन कचरा हाताने गोळा केला, आणि बेटावर त्याच्या कैक पट, सुमारे ५०० टन, शिल्लक असल्याचा अंदाज बांधला. वजनाने बघितलं तर त्यात सर्वांत जास्त वाटा मासेमारीच्या साधनांचा होता. मालदीवमध्ये वाहत येणाऱ्या जाळ्यांच्या गुंत्यात ऑलिव्ह रिडले कासवं अडकतात. तेच कासव, ज्याची घरटी वेळासच्या किनाऱ्यावर आपण जपतो. गुंत्याखाली मासे जमतात, माशांमागे कासव येतं, आणि अडकतं. ओंडका ज्या नियमाने जीव जमवतो त्याच नियमाने टाकून दिलेलं जाळंही जमवतं.

लाकूड आणि प्लास्टिक यांतला फरक इथे कळीचा आहे. समुद्रात लाकूड टिकत नाही. शिंपल्यांच्याच कुळातले, किड्यासारखे लांबट जीव ते आतून पोखरतात. आपल्या कोकणातल्या होड्यांना तेल आणि राळ लावण्याची मेहनत पिढ्यान् पिढ्या त्यांच्यासाठीच चालली. ओंडका काही काळ घर होतो आणि मग बुडतो. तरंगणारं प्लास्टिक तसं बुडत नाही. २०११ च्या त्सुनामीने जपानच्या किनाऱ्यावरच्या होड्या, धक्के, पेट्या समुद्रात ओढून नेल्या. २०१३ च्या मार्चमध्ये त्यांतली एक छोटी होडी प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लाँग बीचवर लागली, आणि तिच्या पाणी भरलेल्या कप्प्यात जपानी किनाऱ्यावरचे पाच मासे जिवंत होते. दोन वर्षं ते त्या कप्प्यात पोहत आले. २०१७ पर्यंत अशा ढिगाऱ्यावरून पोहोचलेल्या जपानी जीवांच्या २८९ जिवंत जातींची नोंद झाली. लाकडाच्या ओंडक्याला इतकी वर्षं तरंगत राहणं कठीण. समुद्रातल्या या जुन्या व्यवस्थेला ओंडका बुडतो हे गृहीत होतं, आणि आपण सोडलेल्या वस्तू बुडायला तयार नाहीत.

आता आपला किनारा. कर्नाटक आणि गोव्यासमोरच्या समुद्रात नारळाच्या झावळ्या आणि पोयी बांधून, वाळूच्या पोत्यांनी नांगरून सोडल्या जातात. त्यांच्याभोवती माकूल जमतं, आणि कन्याकुमारीकडचे मच्छीमार ते हातगळाने काढतात. एकेक माकूल, जाळ्यात न चिरडलेलं, निर्यातीला चांगला भाव मिळवणारं. डिझेल कमी, नको ती मासळी जवळपास नाही. एवढं ऐकून कुणीही म्हणेल की हीच पद्धत पुढे न्यावी. पण माकूल तिथे आडोशासाठीच येतं असं नाही. ते अंडी घालायला येतं. झावळीच्या तंतूंवर अंड्यांचे घोस चिकटवतं. म्हणजे गळाला लागतं ते अंड्यावर आलेलं माकूल, आणि हंगाम संपल्यावर झावळी वर ओढली की लागलेली अंडीही जातात. त्यात ट्रॉलरवाल्यांची जाळी या दोऱ्यांत अडकून फाटतात, आणि समुद्रातली भांडणं बंदरावर येतात. झावळी अंडी फुटेपर्यंत पाण्यात राहू द्यायची, आणि अंडी घालण्याच्या दिवसांत गळ बंद ठेवायचा, या दोन गोष्टी पाळल्या तर हीच झावळी माकुलाची पैदास वाढवू शकते असं मला वाटतं. शास्त्रज्ञांनी या अंड्यांकडे आधीच लक्ष वेधलेलं आहे. मच्छीमारांना ते पटवण्याचं काम बाकी आहे, आणि ते आदेश काढून होणारं नाही.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाचकाला हा सगळा तंटा ओळखीचा वाटेल. मासळीला जमवायचं आणि मग वेढून घ्यायचं, याचं आपल्याकडचं रूप म्हणजे एलईडीच्या प्रकाशात पर्ससीन. केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये प्रकाशझोतावरच्या मासेमारीला बंदी घातली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१६ च्या फेब्रुवारीत, पर्ससीनवर निर्बंध आणले होते. तरी रात्री किनाऱ्यावरून समुद्रात दिसणारे दिवे आणि सकाळी रिकामी येणारी रापण, यावरचा पारंपरिक मच्छीमारांचा राग अजून शमलेला नाही. दिवा आणि ओंडका यांचं शास्त्र वेगळं आहे. पण रापणीवाला जो प्रश्न विचारतो तोच मालदीवचा काठीवाला विचारतो: सगळ्यांच्या पाण्यातली मासळी एकाने आपल्या दारात बोलावून घेतली, तर बाकीच्यांनी काय करायचं?

या प्रश्नाला माझं उत्तर तरंगत्या वस्तूवर सरसकट बंदी असं नाही. गावाच्या पाण्यात नांगरलेली झावळी, जिच्यावर बांधणाऱ्याची खूण आहे आणि जी तो परत काढणार आहे, ती मला मान्य आहे. उपग्रहाच्या भरवशावर महासागरात सोडून दिलेला, नावनिशाणी नसलेला तराफा मान्य नाही, मग त्याखालची मासळी कितीही स्वस्त पडो. या दोन टोकांमध्ये आज हिंदी महासागर ट्यूना आयोगात ओढाताण चालू आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत मोंबासाला किनारी देशांनी इंडोनेशियाच्या पुढाकाराने वर्षातले ७२ दिवस तराफ्यांवरची मासेमारी बंद ठेवण्याचा ठराव मतदानाने मंजूर करून घेतला. युरोपीय संघाने आणि इतर काहींनी हरकत नोंदवली आणि तो ठराव अमलात आला नाही. पुढच्या वर्षी बँकॉकला तडजोड झाली: एका जहाजाने एका वेळी चालू ठेवायच्या तराफ्यांची ३०० ची मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी करत २०२८ पर्यंत २२५ वर आणायची, आणि तराफ्यांची नोंदवही ठेवायची. भारत या आयोगाचा सदस्य आहे. त्या टेबलावर आपला माणूस काय बोलतो याची बातमी मराठी वर्तमानपत्रात क्वचितच येते.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील. ज्यांना गळाची आवड आहे त्यांनी सारगॅसम आणि हवाईपासून सुरुवात करावी, आणि माल्टाचं प्रकरण चुकवू नये. बंदरावर, मच्छीमार सोसायटीत किंवा मत्स्यव्यवसाय खात्यात काम करणाऱ्यांनी सरळ माकुलाकडे आणि आयोगाकडे वळावं. माशांची स्थानिक नावं शक्य तिथे दिली आहेत. मालवण, हर्णै आणि सातपाटीत एकाच माशाला वेगवेगळी नावं असतात, तेव्हा वाचकाने आपल्या बंदरावरचं नाव समासात लिहून ठेवावं. शक्य झाल्यास तांडेलांना विचारून हेही लिहावं की पावसाळ्यात नदीतून वाहून आलेल्या झाडांखाली त्यांनी कोणकोणती मासळी पाहिली आहे, आणि कुठल्या महिन्यात. माल्टाच्या रेषा आणि फिलिपिन्सचे तराफे यांची नोंद झाली आहे. कोकणच्या ओंडक्यांबद्दल तांडेलांना जे ठाऊक आहे ते अजून कुणी सविस्तर लिहून घेतलेलं माझ्या वाचनात नाही.